दरसाल दोन बोटं माती

गेल्या चैत्रात आमच्या लातूरच्या घराच्या गच्चीवर एक मुलगा चढला. खिशात टेप, हातात मोबाईल. स्लॅबला कुठं कुठं चिरा गेल्यात ते त्यानं पाहिलं, दोन ठिकाणी बुटाच्या टाचेनं ठोकलं आणि म्हणाला, "काकू, एकदा केमिकल मारून घ्या. मग सात वर्षं वर बघायचं काम नाही."

दर ऐकून मी त्याला चहा दिला आणि विचार करून सांगते म्हणाले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. वर बघायचं काम नाही! ज्या घरात मी वाढले तिथं वैशाख ते आश्विन आम्ही दुसरं काय करत होतो? जेवताना वर, निजताना वर. पाहुण्याशी बोलता बोलतासुद्धा आजीची एक नजर तुळईकडं असायची.

आमचं गाव तेरणेच्या काठी, तेरपासून दोन कोसांवर. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. घर माळवदाचं. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना माळवद म्हणजे काय ते फोड करून सांगावं लागतं, म्हणून सांगते. सपाट मातीचं छप्पर. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या किंवा चिरलेल्या लाकडाच्या किलचा, त्यावर तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला. पाला अशासाठी, की वाळवी लागू नये. पाल्यावर भुसा कालवलेल्या चिखलाचा थर, आणि तो वाळला की सगळ्यात वर कोरडी पांढरी माती. खानदेशात यालाच धाबं म्हणतात आणि त्यांची ती खारी माती. कोकणात छपराला उतार हवा, कारण तिथं तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस. त्यांची मृगाआधीची शाकारणी, विदर्भातलं कवेलू फेरणं, हे निराळे संसार. आमच्याकडं वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडला तर गाव खूश. पावसापेक्षा उन्हाची धास्ती मोठी. चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन दोन महिने डोक्यावर घ्यायचं म्हटलं, की छप्पर पातळ असून भागत नाही.

माळवदाची खुबी आजही कुणी इंजिनिअर कागदावर मांडून दाखवील. दुपारचं ऊन मातीच्या जाड थरातून उतरत उतरत खालपर्यंत पोचायला रात्र होते. आणि रात्री आम्ही खाली नसायचोच. वाकळा घेऊन वर. बाहेरून आलेला माणूस दुपारी बाराला माजघरात शिरला की त्याला आधी काही दिसायचं नाही, मग घाम थांबायचा, मग माठाजवळ बसलेली आजी दिसायची. उजेड यायचा तो फक्त साण्यातून. साणं म्हणजे माळवदाला ठेवलेलं हातभर भोक. त्यातून उन्हाचा एक कवडसा पडायचा आणि जमिनीवरून सरकत जायचा. तो जात्याजवळ आला की मधली सुट्टी संपली, हे मला घड्याळ न बघता कळायचं.

आता ही माती कुठली, तर पांढरीची. आमच्याकडं गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथं राहिली, जिथं भिंती ढासळल्या, चुली पेटल्या, राख पडली, शेण कुजलं, पुन्हा नव्या भिंती उभ्या राहिल्या, ती जागा हळूहळू उंच होते आणि तिची माती पांढुरकी, पिठासारखी होते. तेरला तर अशी टेकाडंच आहेत. काळी माती माळवदावर चालत नाही. ती पाण्यानं फुगते, उन्हानं तडकते; भेगा अशा पडतात की हात जावा. पांढरीत खार असतो. तिच्यावर पहिलं पाणी पडलं की वरचे कण सुटतात, बारीक होऊन छिद्रांत बसतात आणि खालची वाट बंद करतात. वरचं बोटभर भिजतं, खालचं कोरडं राहतं. शिवाय खारामुळं गवत कमी उगवतं. गवताचं मूळ जिथं गेलं तिथं पाणी गेलंच म्हणून समजा.

अक्षय तृतीया झाली की गाड्या जुंपायच्या. चुलते आणि दोन गडी पहाटे निघायचे, पांढर खणायची, ऊन चढायच्या आत दोन खेपा. ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांच्यासाठी गाढवावरून गोणी यायच्या. अंगणात ढीग पडला की आम्हा पोरांचं काम सुरू व्हायचं: ढेकळं फोडायची आणि खापरं वेचायची. माळवदावर एक खापर राहिलं तर त्याच्या कडेनं पाणी मुरतं, असं आजीचं म्हणणं. म्हणून आम्ही रांगेत बसून माती चाळल्यासारखी चिवडायचो.

काय काय निघायचं त्यातून! काळी-तांबडी चकाकती खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी. आणि एक जाड, तांबडा प्रकार नेहमी निघायचा. एका अंगाला खोबणी आणि टोकाशी दोन भोकं. आम्ही त्या भोकांतून दोरी ओवून ते कुत्र्यामागं फरफटत न्यायचो. बी.एड. करताना आम्हाला सहलीला तेरच्या संग्रहालयात नेलं, तेव्हा तसलाच तुकडा काचेआड ठेवलेला दिसला. सातवाहन काळातलं छपराचं कौल! खोबणीत खोबण बसवायची आणि भोकांतून खिळा ठोकायचा. दोन हजार वर्षांपूर्वी या गावातली घरं कौलारू होती, आणि आम्ही आमचं छप्पर गळू नये म्हणून त्यांचं छप्पर वेचून उकिरड्यावर फेकत होतो. मी त्या काचेसमोर उभी राहून मोठ्यानं हसले. बरोबरच्या प्राध्यापिका रागावल्या.

ते संग्रहालय ज्यांच्यामुळं उभं राहिलं ते रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. पावसानं टेकाडं धुपली, कुणी माती खणली, नांगर लागला, की जे वर येई ते त्यांनी आयुष्यभर गोळा केलं: मातीच्या मूर्ती, मणी, दिवे, नाणी. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, तिचं साम्य इटलीत पाँपेईला सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जोडतात. तेर म्हणजे पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारवर्णनातलं तगर, हे फ्लीट नावाच्या अभ्यासकानं 1901 साली मांडलं. इथला माल पश्चिम किनाऱ्यावरून रोमच्या जहाजांत चढायचा. हे सगळं पुढं वाचलं. पण लामतुरे ज्या ढिगांतून वेचत होते, त्यातलीच माती आमच्यासारख्यांच्या शेकडो माळवदांवर आणि शेतांवर गेली, हे कुठल्या पुस्तकात ठळकपणे लिहिलेलं मला आढळलं नाही. पुराणवस्तूवाले लोक याला नासधूस म्हणतील, आणि ती होतीच. पण पांढर खणू नका म्हणून आम्हाला सांगायला आलं कोण? आणि आलं असतं तरी पावसाळा तोंडावर असताना आजीनं ऐकलं असतं, असं वाटत नाही.

तेर हे गोरोबाकाकांचंही गाव. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलनामात तल्लीन झालेला कुंभार आणि पायाखाली आलेलं तान्हं पोर, ही कथा आमच्याकडं लहानपणीच कानावर पडते. माळवदाचा पहिला थर घालताना चिखल पायांनीच तुडवायचा असतो. आमची आई त्या दिवशी आम्हा भावंडांना शेजारी नेऊन सोडायची. भीती कसली, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

माती वर चढवायची रीत ठरलेली होती. अंगणातून निसण लावायची. निसण म्हणजे शिडी. तिच्या दर दोन पायऱ्यांना एक माणूस, आणि पाटी हातोहात वर. वर गेल्यावर आधी गेल्या सालचं तण मुळासकट उपटायचं. मग उंदरांची बिळं शोधायची. हे काम आजोबा दुसऱ्या कुणाला देत नसत. ते उकिडवे बसून हळूहळू पुढं सरकत, आणि पोकळ वाटलं की उलट्या बोटांनी टकटक करत, जसं आपण कलिंगड बघतो. बीळ सापडलं की त्यात ओली माती ठासायची. मग नवी माती पसरायची, दोन बोटं जाड, उतार पन्हाळाकडं धरून. मधोमध तांब्याभर पाणी ओतून बघायचं. पाणी पन्हाळाकडं निघालं तर बरोबर. थबकलं तर तिथं आणखी पाटीभर. शेवटी चोपण्यानं चोपायचं. दिवसभर आख्ख्या गल्लीतून तो धप-धप आवाज यायचा. कुणाच्या माळवदावर आवाज आला नाही तर आजी विचारायची, "त्यांच्याकडं काय झालंय?" बहुतेक वेळा पैसा नसायचा, नाहीतर भाऊबंदकी. सामाईक माळवदावर माती कुणी टाकायची यावरून आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ सतरा वर्षं बोलत नव्हते. पाणी दोघांच्याही घरात गळायचं.

मृगाचे पहिले थेंब पडले की घरात एकच हाक: "साणं झाका!" साण्याच्या कडेला एक मोठं, बुडाशी तडकलेलं मडकं पडलेलं असायचं, ते धावत जाऊन उपडं घालायचं. पहिला पाऊस जोराचा नको, भुरभुर हवा, म्हणजे वरची माती बसते. जोराचा आला की सगळी मेहनत पन्हाळातून अंगणात. आणि एकदा माळवद ओलं झालं की त्यावर पाय द्यायचा नाही. पाऊल उमटलं की खड्डा, खड्डा झाला की पाणी. पण गळती लागली तर जायचं कसं? मग गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन आजीच चढायची, कारण घरात सगळ्यात हलकी तीच. चुलीतली राख घेऊन जायची आणि जिथं ठिबकत असेल तिथं मूठमूठ टाकून तळहातानं दाबायची. आम्ही खालून ओरडायचो, "आणखी उजवीकडं!" तिचं उजवं आणि आमचं उजवं कधी जुळायचं नाही.

वरचं सगळं सुखाचं होतं असं मात्र नव्हे. झड लागली की आठ-आठ दिवस घरभर पातेली, तांबे, परात. ठिबकण्याचा आवाज प्रत्येक भांड्याचा निराळा. आणि माळवद हे खाऊनपिऊन असणाऱ्यांचं होतं, हे विसरून चालणार नाही. पांढर खणणारे, गोणी आणणारे, निसणीवर उन्हात उभे राहणारे बहुतेक जण संध्याकाळी पाचटाच्या नाहीतर गवताच्या छपराखाली परत जायचे. त्यांच्या डोक्यावर माती नव्हती. ही गोष्ट पुढं फार वेगळ्या रीतीनं माझ्यासमोर आली.

छपरांचा इतिहास म्हणून बघितलं तर हे माळवद किती जुनं? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात खणून काढलेली तीन हजार वर्षांपूर्वीची घरं मातीच्या बुटक्या भिंतींची आणि गवताच्या छपरांची होती. सातवाहनांच्या गावांत कौलं. तेरमध्येच त्रिविक्रमाचं देऊळ आहे, संपूर्ण विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. त्याच्यावर विटांचीच कमान आहे आणि ती दीड हजार वर्षांच्या आसपास उभी आहे. म्हणजे या भागात गवत झालं, कौल झालं, वीट झाली, आणि गावकऱ्याच्या घरावर शेवटी टिकली ती माती. ती स्वस्त होती, गावातच मिळत होती आणि घरच्याच माणसांच्या हातानं टाकता येत होती, एवढं मला पुरेसं कारण वाटतं.

आजोबांचा एक नियम होता. दर तिसऱ्या साली नवी माती टाकण्याआधी जुनी खरवडून खाली काढायची. नुसती टाकायची नाही. "छपराला पण कात टाकू द्यावी," असं म्हणायचे. खरवडलेली माती शेतात जायची. ती खत म्हणून चांगली. हा नियम मला आठवतो, कारण त्या वर्षी अंगणात मातीचा ढीग दुप्पट असायचा आणि आमची चंगळ व्हायची. आजोबा 1959 च्या थंडीत गेले. त्यानंतर काम चुलत्यांनी गुत्त्यानं द्यायला सुरुवात केली. गुत्तेदार पाटीवर पैसे घ्यायचा: वर चढवलेल्या पाटीवर. खाली उतरवायचे वेगळे. मग कोण उतरवतंय? दरसाल दोन बोटं पडत गेली. त्यातली बरीचशी पावसानं वाहून जायची, अर्धा इंच राहायची. अर्धा इंच कुणाच्या लक्षात येतो?

30 सप्टेंबर 1993. पहाटे चारला तीन-चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. मी तेव्हा लातुरात नोकरीला होते. खाट सरकली, कपाटावरचा पेटारा पडला, आम्ही रस्त्यावर आलो. किल्लारीचं नाव दिवस उजाडल्यावर कळलं. माझ्या आत्याचं सासर सास्तूरच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी एका ट्रकमधून माझे भाऊ तिकडं गेले, तिसऱ्या दिवशी मी. आत्या वाचली होती. पहाटे परड्यात गेली होती म्हणून. तिचे यजमान आणि आठ वर्षांचा नातू माजघरात निजले होते.

मी काय पाहिलं ते सगळं लिहिणार नाही. एकच सांगते. वाड्याच्या मागल्या सोप्यात चार खांब आणि दोन तुळया जशाच्या तशा उभ्या होत्या, भिंती मात्र चारी बाजूंनी ढासळलेल्या. पुढल्या खणांत तुळया भिंतींवरच टेकवलेल्या होत्या, खांब नव्हते. तिथं भिंत गेली आणि वरचं सगळं एकदम खाली आलं. पुढं तज्ज्ञांनी हेच सांगितलं. दगडाच्या अडीच-तीन फूट जाडीच्या भिंती, पण दोन सुट्या पाळ्यांच्या, मध्ये माती आणि खडे भरलेले, आरपार जाणारा एक दगड नाही. आणि त्यांच्यावर फूट-दीड फूट, कुठं कुठं दोन फुटांहून जास्त मातीचं ओझं. भूकंप 6.2 ते 6.4 च्या आसपासचा, जगाच्या हिशेबानं मध्यम. भूकंपाच्या नकाशात हा मुलूख तेव्हा सगळ्यात निर्धोक पट्ट्यात होता. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात, बाकीचे अंदाज दहा हजारांपर्यंत. आणि ज्यांच्या डोक्यावर पाचट होतं त्यातली पुष्कळ माणसं अंगावरचं गवत झटकून बाहेर आली होती. मग तीच माणसं वाड्यांमधली माती उपसत होती, हातांनी.

आत्या तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उन्हाळ्यात दुपारी ती शेडच्या बाहेर, चिंचेच्या सावलीत बसायची. मी एकदा म्हटलं, "आत जा, झळा लागतील." ती म्हणाली, "आत झळा जास्त आहेत गं. पण रात्री झोप लागते. वर काही नाही ना."

पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी वसवली, जुनी पांढर सोडून. त्याखेरीज हजारो गावांत जुन्या घरांच्या मजबुतीची कामं निघाली. त्यात माळवदाबद्दल सांगणं साधं होतं: मातीचा थर आठ इंचांवर आणा, मध्ये प्लास्टिकचा कागद घाला, भिंतींना आरपार दगड द्या. आमचं गाव किल्लारीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आमच्या घराच्या भिंतींना तडे गेले होते, घर उभं होतं. 1994 च्या जानेवारीत भावांनी माळवद उतरवायचं ठरवलं आणि मी रजा टाकून गेले.

माजघर पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद. एका कडेला कुदळीनं सरळ चर घेतला, तेव्हा मातीचा उभा काप समोर आला. टेप लावला: 21 इंच. धाकट्या भावानं अंगणात बसून हिशेब केला. तीनशे चौरस फूट, सव्वापाच ब्रास माती. दाबलेली कोरडी माती ब्रासला साडेचार टन धरली तरी साडेतेवीस टन. त्या वेळचे अडीच ट्रक. त्याखाली आम्ही सगळे जन्मलो होतो, जेवलो होतो, अभ्यास केला होता.

मी तो काप जवळून पाहत बसले. केकसारखा दिसत होता, कुणाला हसू आलं तर येऊ दे. पांढरा थर, त्यावर काळपट बारीक रेघ, परत पांढरा थर, परत रेघ. काळपट रेघ म्हणजे त्या सालचं कुजलेलं गवत आणि आजीची राख. वरून मोजायला लागले. काही थर बोटाएवढे, काही नखाएवढे. चौतीसपर्यंत नीट मोजता आले. त्याखाली चार इंच सलग, रेघ नसलेला, घट्ट थर होता. तो आजोबांचा. आजोबांना जाऊन पस्तीस उन्हाळे झाले होते. एक थर कमी कसा, ते मला रात्री अंथरुणात आठवलं. 1973 चा उन्हाळा. आदल्या साली पाऊस नाही, सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. चुलतेसुद्धा. त्या वर्षी माती टाकायला माणूस नव्हता आणि पाऊस येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता.

तेरा इंच माती आम्ही उतरवली, सव्वातीन ब्रास. निम्मी शेतात टाकली. उतरवतानाही सवयीनं मी खापरं वेचत होते, आणि एक मणी निघाला, लाल अकीकाचा, डाळीच्या दाण्याएवढा, आरपार भोक पाडलेला. कधीतरी आम्ही पोरांनी वेचताना सोडलेला. तो मी संग्रहालयात नेऊन दिला. पावती मिळाली, ती अजून आहे.

आठ इंचांचं ते माळवद अजून तग धरून आहे. गावात आता दोनच उरलीत, बाकी सगळीकडं स्लॅब आणि पत्रे. स्लॅबचं म्हणाल तर चार-पाच इंचांचं काँक्रीट. दुपारी तापतं आणि नेमकं आपण निजतो तेव्हा खाली ओकतं. म्हणून मी लातुरात दर वर्षी फाल्गुनात गच्चीवर चुना मारते. चुन्यात डिंक घालायचा, दोन हात द्यायचे, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. शेजारचे आधी हसायचे, आता पंख्याखाली बसून फरक बघून चुना कुठून आणला ते विचारतात. केमिकलवाल्या मुलाला मी नाही म्हटलं नाही, चिरा त्याच्याकडून बुजवून घेतल्या. पण सात वर्षं वर न बघायचं त्याचं आश्वासन मी मानलेलं नाही. रोहिणी लागल्या की झाडू घेऊन वर जाते, पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेली निंबाची पानं काढते, तांब्याभर पाणी ओतते आणि ते कुठं जातं ते बघते. गुडघे दुखतात, पण जाते.

तुमच्या गावी, धाराशिव-लातूर-सोलापूरकडं किंवा तिकडं खानदेशात, अजून माळवदाचं घर असेल तर या उन्हाळ्यात एवढं करा. मृगाआधी एका कोपऱ्यात हातभर चर घ्या आणि टेप लावा. थर आठ इंचांच्या वर भरला तर नवी माती आणू नका, आधी जुनी उतरवा. उतरवायची मजुरी वेगळी पडेल, ती द्या. आणि उतरवताना खापरं नीट बघा. दोन भोकांचं कौल सापडलं तर तेरच्या संग्रहालयात नेऊन द्या.